देव कुठलाही धरा, जमीन सोडू नका



आपल्या पाड्यापाड्यात नवे लोक येऊ लागलेत. कुणी सप्ताह लावतो, कुणी प्रार्थना घेतो, कुणी माळ घालतो. कुणी कुठला देव धरावा हे आम्ही सांगणार नाही. तो ज्याचा त्याचा हक्क आहे, घटनेनं दिलेला. पण या सगळ्यांना आमचा एकच सवाल आहे: फॉरेस्टवाले उभं पीक उपटायला येतात, त्या दिवशी तुम्ही कुठं असता?

'सोसा, देव बघून घेईल' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. दाव्याच्या कागदावर साक्षीचा अंगठा देणारे थोडे.

शहाद्यात अंबरसिंग महाराजांनी भिल्लांच्या गावांत भजनमंडळं उभी केली. दारू सोडा म्हणाले, पण तिथंच थांबले नाहीत. भजनाला बसणारी माणसंच हडपलेल्या जमिनी परत मागायला उठली. १९७२ साली तिथं श्रमिक संघटना झाली. भजनानं माणसं जोडली होती, म्हणून लढा उभा राहिला.

आपल्याकडं उलटं चाललंय. माळवाला प्रार्थनावाल्याच्या मयताला जात नाही. प्रार्थनावाला गावदेवाच्या वर्गणीला नाही म्हणतो. मग ग्रामसभेलाही एकमेकांचं तोंड बघत नाहीत. कोरम भरत नाही, ठराव होत नाही, दावे पडून राहतात. फायदा कुणाचा? आपल्या जमिनीवर डोळा ठेवणाऱ्यांचा.

वनहक्क कायदा नीट समजून घ्या. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसतोय, हे दाखवायला दोन पुरावे लागतात. त्यात गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब चालतो. तो म्हातारा कुठल्या देवाचा, हे कायदा विचारत नाही. सामूहिक दाव्याला तर देवराई, देवाचं झाड, मसणवट हेसुद्धा पुरावा आहेत. म्हणजे शिवेवरचा वाघदेव आपली साक्ष द्यायला उभा आहे. त्याला मानत नसाल तरी त्याची जागा नकाशात दाखवा. ती सगळ्या गावाची आहे.

सप्ताहाच्या मांडवात आणि प्रार्थनेच्या घरात वनहक्काची माहिती वाचून दाखवा. जो महाराज, जो पास्टर जमिनीसाठी आपल्याबरोबर तहसीलवर येईल, तो आपला. जो म्हणेल जमिनीचं इथं बोलू नका, त्याला वर्गणी देऊ नका.

दावा आपला, पण साक्ष शेजाऱ्याची. शेजारी तोडला की जमीन गेलीच समजा.

जिंदाबाद!