दातांच्या डॉक्टरांना बोलायला कोण शिकवतं?

गेल्या महिन्यात एक गृहस्थ दाढदुखीसाठी माझ्याकडे गोळ्या मागायला आले. जुना मधुमेह, हिरड्यांतून पू येत होता. डेंटिस्टकडे का गेला नाहीत, असं विचारलं. म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. तोंड उघडताच बायकोसमोर ओरडले, किती घाण केलीय! परत पायरी चढलो नाही." तेव्हापासून दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या चालू. रक्त तपासलं, तर क्रिएटिनिन वाढलेलं. साखरही आटोक्यात नव्हती. हिरड्यांचा संसर्ग साखर वाढवतो आणि वाढलेली साखर हिरड्या आणखी बिघडवते.

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून 'एटकॉम' हा भाग आहे. त्यात वर्तन, नीतिमत्ता आणि संवाद शिकवतात. माझ्या वेळी तो नव्हता. सीनियर जसे बोलायचे तसे आम्ही बोलायला शिकलो, चांगलं आणि वाईटही. दंतवैद्यकाच्या शिक्षणात मुख्य भर हाताच्या कौशल्यावर असतो. इतक्या दाढा काढायच्या, इतकी फिलिंग करायची, असा कोटा पूर्ण करताना विद्यार्थ्याला समोर माणूस नाही, दाढच दिसू लागते. १९४८ च्या जुन्या कायद्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला आहे. या नव्या व्यवस्थेत संवादाची प्रात्यक्षिक परीक्षा असावी, गुणांसकट, असं माझं मत आहे. ज्याला गुण नाहीत ते आपल्याकडे कोण मनावर घेतं?

खरं तर तिथे संवाद जास्तच अवघड असतो. तोंडात उपकरणं असताना पेशंट बोलणार कसा? म्हणून 'दुखलं तर डावा हात वर करा, मी थांबेन' हे आधीच ठरवावं लागतं, आणि हात वर झाला की खरोखर थांबावं लागतं. लहान मुलांसाठी 'आधी सांगा, मग दाखवा, मग करा' ही पद्धत दंतवैद्यकात १९५० च्या दशकापासून आहे. साठीच्या माणसालाही तीच हवी असते, फक्त तो रडत नाही.

तुम्ही जाल तेव्हा भीती वाटत असेल तर ती सुरुवातीलाच सांगा. रूट कॅनालच्या किती फेऱ्या, कॅपसकट खर्च किती, हे खुर्चीत बसण्याआधी विचारा. मधुमेह आणि चालू असलेली सगळी औषधं सांगा. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.