शपथ आणि हरकत

 राष्ट्रीय युवा सप्ताहात १२ जानेवारीपासून चंद्रपूर-गडचिरोलीतल्या महाविद्यालयांत दरवर्षी भाषणं होतात, संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन होतं, हात पुढे करून एकतेची शपथ घेतली जाते आणि शेवटी प्रमाणपत्रं वाटली जातात. शपथेला माझा विरोध नाही. उद्देशिका पोरांना तोंडपाठ असलीच पाहिजे. पण सर्वांना सामावून घ्यायला शिकवण्याचा आपला मार्ग म्हणजे पोरांना खुर्च्यांवर बसवून ऐकवणं, एवढाच उरला आहे. बार्टी या सरकारी संस्थेचे समतादूतही तालुक्यातालुक्यांत मानधनावर हेच करतात. त्यांतले कितीतरी जण मनापासून राबतात, पण ते गावात येतात, बोलतात आणि पुढच्या गावाला जातात. ऐकणाऱ्याला त्या वेळी काही ठरवायचं नसतं, कुणासाठी काही सोडायचं नसतं. म्हणून ऐकलेलं मंडपातच राहतं. याच दोन जिल्ह्यांत दुसऱ्या तऱ्हेचं शिक्षण चाळीसेक वर्षं चालू आहे आणि युवा सप्ताहाच्या व्यासपीठावरून त्याचं नावही निघत नाही, याचं मला दुःख आहे.

ते शिक्षण धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात मिळतं.  आज सांगायचं आहे ते गाव ठरवतं कसं, याबद्दल. मेंढ्याच्या ग्रामसभेत बहुमत चालत नाही. बाया आणि पुरुष दोघं बसतात, विषय निघतो, प्रत्येकाला बोलायची मुभा असते आणि एकानं जरी हरकत घेतली तरी निर्णय पुढे ढकलला जातो. मग तो विषय अभ्यासगटात जातो. अभ्यासगटात कुणीही यावं, बाहेरच्या माणसालाही बोलवावं, कागद वाचावेत, वाद घालावा. निर्णय मात्र तिथे होत नाही, तो ग्रामसभेतच. शिकणं आणि ठरवणं अशी दोन घरं वेगळी ठेवण्याची ही रीत गावचे देवाजी तोफा, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकऱ्यांनी मिळून बसवली. २००९ मध्ये गावाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०१३ मध्ये गावानं ग्रामदान केलं, म्हणजे स्वतःच्या शेतजमिनीही ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. जमीन सोडण्याचा निर्णय एकाचीही हरकत उरू न देता घ्यायचा, तर किती संध्याकाळी बसावं लागलं असेल, याचा विचार वाचकांनी करावा.

आता मंडपातली शपथ आणि ग्रामसभेतली हरकत एकमेकींशेजारी ठेवून बघा. शपथ घेताना सगळ्यांचा आवाज एक होतो. कोण नाइलाजानं बोलतंय आणि कोण गप्प उभं आहे, हे कळायला वाव नसतो. हरकतीच्या सभेत नेमकं तेच कळतं. अठरा वर्षांची पोर पहिल्यांदा सभेला बसते तेव्हा तिच्यासमोर पन्नास जण ‘हो’ म्हणतात, कोपऱ्यातली एक विधवा बाई ‘मला पटत नाही’ म्हणते आणि सगळी सभा थांबते. बांबूची मजुरी कशी वाटायची, तेंदूच्या पैशातून काय करायचं, असे पोटाचे प्रश्न असतात. थांबल्यानं नुकसान होतं आणि तरी थांबावं लागतं. सामावून घेणं म्हणजे काय, हे त्या पोरीला कुणी समजावून सांगावं लागत नाही. ज्याचं आपल्याला पटत नाही त्याच्यासाठी खोळंबून राहण्याची ती सवय असते, आणि सवय बसते ती करून करूनच. माझं म्हणणं एवढंच आहे की जिथे वाटून घेण्यासारखं काही हातात आहे, तिथेच तरुणांना हे शिकवता येतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. मेंढा लहान गाव, सगळी वस्ती गोंडांची. एकाच जमातीत एकमत होणारच, मग मिश्र गावांचं काय? एका जमातीतही जमिनीवरून डोकी फुटतात हे खरं असलं, तरी या आक्षेपाला खरं उत्तर मूल तालुक्यातल्या सोमनाथ प्रकल्पानं दिलं आहे. बाबा आमट्यांनी तिथे श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तेव्हा राज्यभरातून निरनिराळ्या जातींची पोरं मे महिन्याच्या उन्हात आली. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी जंगल मोडून उभी केलेली ती शेती. बोटं झडलेल्या हातांनी पिकवलेला भात त्याच हातांनी वाढला जातो आणि शेजारी बसून तो खायचा असतो. अस्पृश्यतेवर तिथे व्याख्यानाची गरज उरत नाही. पुढे १९८५ ला कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघालेली भारत जोडो सायकलयात्रा याच श्रद्धेतून निघाली. मिश्र समाजातही रीत तीच आहे: आधी काम आणि ताट एकत्र, शब्द नंतर.

दुसरा आक्षेप जड आहे. गावच अन्याय करत असेल तर? ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी (खुर्द) गावात भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या सात जणांना भर चौकात मारहाण झाली, त्यांत म्हाताऱ्या बायाही होत्या. तिथेही लोकांचं एकमत झालंच होतं. आणि भामरागड-एटापल्लीकडे पाळीच्या दिवसांत बायांना कुर्माघर नावाच्या वेगळ्या झोपडीत राहावं लागतं, ती रूढी मोडणं अडवायला एका म्हाताऱ्याची हरकत पुरे, मग सर्वसहमती ही रूढीचीच राखण करणार नाही का? हे मी टाळत नाही. माझं उत्तर असं, की वणीत जमली ती सभा नव्हती, जमाव होता. ज्यांच्याबद्दल ठरत होतं त्यांच्या हरकतीला तिथे जागा नव्हती. माणसाच्या अंगाला हात लावणं हा विषय कुठल्याही सभेपुढे येऊच शकत नाही. तिथे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो प्रत्येक तरुणाला कलमांसह शिकवलाच पाहिजे. कुर्माघराबद्दल मात्र मी सावकाशीच्या बाजूचा आहे. ज्या सभेत बायांची हरकत पुरुषांइतकीच मोजली जाते, तिथे ती रूढी उशिरा मोडेल, पण मोडली तर परत उभी राहणार नाही. हुकमानं पाडलेल्या झोपडीबद्दल तेवढी खात्री मला वाटत नाही.

हरकत घ्यायची तर आपली भाषा लागते, म्हणून भाषेबद्दलही बोलायला हवं. भामरागडचा पोरगा घरी माडिया बोलतो, सिरोंच्याचा तेलुगू, मुलचेऱ्याच्या निर्वासित वस्तीतला बंगाली, कोरचीचा छत्तीसगढी. प्रशिक्षणाची पुस्तिका मात्र सगळ्यांना एकाच मराठीत मिळते, तीही सरकारी मराठीत. धानोरा तालुक्यातल्याच मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये स्वतःच्या बळावर गोंडी शाळा काढली, तर तिला अनधिकृत ठरवणारी नोटीस आली. ज्याला स्वतःच्या भाषेत हरकत घेता येत नाही तो गप्प बसतो, आणि त्याच्या गप्प बसण्याला आपण संमती समजतो. मराठीवर माझं प्रेम आहे, म्हणूनच ती कुणाचं तोंड बंद करायला वापरली जाऊ नये असं वाटतं.

२६ जानेवारीला गावोगावी ग्रामसभा असतात. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक तरुण, प्रत्येक तरुणी त्या सभेची पूर्ण सदस्य आहे. तिला कुणाच्या परवानगीची गरज नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) कार्यक्रम अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की शपथ घेतलेल्या पोरांना त्या दिवशी झेंडावंदनानंतर महाविद्यालयात अडकवून ठेवू नका, आपापल्या गावी पाठवा. आणि पोरांनो, सभेत मागे बसा, शेवटपर्यंत बसा, आणि कोण बोललं नाही ते लिहून आणा.