सूर्य नसलेले ग्रह

हिवाळ्यात धुके नसेल अशा रात्री, नऊच्या सुमारास, दिल्लीकर वाचकांनी गच्चीवरून दक्षिणेकडे पाहावे. मृग नक्षत्रातील व्याधाचा बाण, म्हणजे एका ओळीतले तीन तारे, सहज ओळखता येतील. त्यांतल्या सर्वांत खालच्या ताऱ्याजवळ एक मंद तारा आहे. शहराच्या झगमगाटात तो दिसला नाही, तर साधी दुर्बीण घ्यावी. हा 'सिग्मा ओरायनिस'. त्याच्याभोवती, आपल्यापासून सुमारे १३०० प्रकाशवर्षांवर, तरुण ताऱ्यांचा एक पुंज आहे.

या पुंजात २००० साली स्पेनमधील मारिया रोसा सापातेरो ओसोरियो आणि सहकाऱ्यांना १८ मंद, लालसर पिंड आढळले. त्यांचे वस्तुमान गुरूच्या अंदाजे ५ ते १५ पट, म्हणजे बहुतेक ग्रहांच्याच मापाचे. पण ते कोणत्याही ताऱ्याभोवती फिरत नव्हते!

ग्रहाला स्वतःचा प्रकाश नसतो, असे आपण शाळेत शिकलो. मग हे दिसले कसे? नुकताच जन्मलेला ग्रह शेगडीतल्या निखाऱ्यासारखा तापलेला असतो. ही उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडते. आपला सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांचा. हा पुंज जेमतेम ३० लाख वर्षांचा. म्हणून असे ग्रह शोधायचे, तर तरुण पुंजांतच. शिवाय पुंजाचे वय ठाऊक असल्याने पिंडाच्या तेजावरून त्याचे वस्तुमानही काढता येते.

मात्र यात फसगत होऊ शकते. धुळीच्या वादळात दिल्लीचा सूर्य जसा लाल आणि निस्तेज दिसतो, तसाच धुळीआडचा दूरचा तारा दिसतो. खरा थंड पिंड ओळखण्याची एक खूण म्हणजे त्याच्या वातावरणातील पाण्याची वाफ. ती ठराविक अवरक्त किरण शोषून घेते. हीच खूण टिपणारी खास गाळणी वापरून बेलिंडा डेमियन, तिरुपतीच्या 'आयसर' संस्थेतील जेसी जोस व इतर संशोधकांनी या पुंजातील अशा पिंडांची गणती २०२३ साली प्रसिद्ध केली.

आता खरा प्रश्न. हे पिंड घरातून हाकललेले, की जन्मतःच एकटे? वृश्चिक राशीच्या परिसरात २० वर्षांतील सुमारे ८०,००० छायाचित्रे तपासून २०२१ साली किमान ७० एकाकी ग्रह सापडले. ताऱ्यांप्रमाणे ढगातून थेट जन्मणाऱ्यांच्या अपेक्षित संख्येहून हे अधिक होते. म्हणजे काही तरी भावंडांच्या ओढाताणीत बाहेर फेकले गेले असावेत. उलट २०२४ साली जेम्स वेब दुर्बिणीला ययाती तारकासमूहातील एका तरुण पुंजात गुरूच्या सुमारे ५ पट वस्तुमानाचा एकाकी पिंड दिसला. त्याच्याभोवती धुळीची तबकडी होती, म्हणजे तो ताऱ्यासारखाच जन्मला असावा.

तेव्हा सूर्याभोवती फिरतो तो ग्रह, ही व्याख्या मुलांना सांगताना यापुढे जरा थांबावे लागेल.