किक नंतर, आधी पाय

८ मार्च जवळ आला, किंवा टीव्हीवर एखादी भयंकर बातमी सलग चार दिवस चालली, की आपल्या गावात फ्लेक्स लागतो : ‘मुलींसाठी मोफत स्वसंरक्षण शिबिर’. एक दिवसाचं. दीपप्रज्वलन, सत्कार, तासभर भाषणं. मग मैदानावर दोन-तीनशे मुली रांगेत उभ्या राहतात, शिट्टी वाजते आणि सगळ्या एका सुरात ‘हा!’ ओरडून समोरच्या हवेला लाथ घालतात. वरून ड्रोन फिरतो. वडापाव, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो. रात्रीपर्यंत रील तयार. मागे तुतारी, खाली मजकूर : कोल्हापूरच्या रणरागिणी.

ही शिबिरं बंद करा, एवढंच मला म्हणायचंय. सुधारा वगैरे नाही, सरळ बंद करा.

लगेच कुणी ‘तुला काय कळतं यातलं’ म्हणेल, म्हणून सांगते. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी लॅपटॉप मिटला की मी किकबॉक्सिंगच्या क्लासला जाते. गेली पाच वर्षं जाते. बॅगवर शिन नीट बसली की जो आवाज येतो, तो मला पगाराच्या मेसेजपेक्षा जास्त आवडतो. किकवर माझं प्रेम आहे. म्हणूनच तिचा असा तमाशा झालेला बघवत नाही.

आधी किकचंच बोलू. किक म्हणजे एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाने मारणं. म्हणजे मारण्याआधी तुम्ही स्वतःच स्वतःचा अर्धा आधार काढून घेता. तो परवडतो कधी? खालचा पाय वळलेला असेल, कंबर फिरलेली असेल, अंतर बरोबर असेल आणि पाय गेला तितक्याच वेगाने परत येणार असेल तर. यातली एक गोष्ट चुकली तरी किक म्हणजे नुसता पडण्याचा बेत. त्यात आपल्या अंगात स्ट्रेच होणारी ट्रॅक पँट नसते. घट्ट जीन्स असते, नाहीतर साडी, नाहीतर ओढणी. पायात चप्पल. जुलैतला कोल्हापूरचा रस्ता ओला. आणि केएमटीच्या गर्दीत कुणी मागून अंगाला अंग घासत असेल, तर किक मारायला जागा कुठाय? तिथे पाऊलसुद्धा हलत नाही.

शिबिरात सगळ्यात जास्त टाळ्या मिळतात त्या डोक्यापर्यंत जाणाऱ्या किकला. ही आली कुठून? स्पर्धेतून. तायक्वांदोत छातीवरच्या साध्या किकला २ गुण आणि डोक्यावरच्या किकला ३. वळून मारली तर आणखी जास्त. तिथे डोक्यावर ठोसा मारता येत नाही आणि समोरच्याचा पाय धरला तर दंड बसतो. त्या नियमांत उंच किक ही शहाणपणाची गोष्ट आहे आणि त्या खेळाडूंना माझा सलाम. पण रंकाळ्याच्या काठावर रात्री पंच नसतो.

आणि हे कोल्हापुरात सांगावं लागतंय, याचंच नवल वाटतं. इथे पेठेपेठेत तालीम आहे. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी ही नावं महाराष्ट्रभर माहीत आहेत. या गावातल्या लाल मातीत दोन वर्षं घोळलेल्या कुठल्याही पोराला विचारा, समोरच्याने कमरेच्या वर पाय उचलला तर तू काय करशील? तो हसेल. पट काढायला पैलवानाला केवढे कष्ट पडतात, आणि इथे समोरचा स्वतःहून पाय हातात आणून देतोय! जिथे पाय धरून माणूस पाडण्याची विद्या घरोघरी आहे, त्या गावात मुलींना पाय उचलायला शिकवायचं आणि तो धरला गेल्यावर पुढे काय, हे सांगायचंच नाही, याला मी शिक्षण म्हणणार नाही.

मग शिकवायचं काय? पाय. मारणारा नव्हे, जमिनीवर टेकलेला.

हीसुद्धा बाहेरून आणायची गोष्ट नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मर्दानी खेळ आपण सगळ्यांनी पाहिलेत. आपले डोळे पट्ट्याच्या पात्यावर असतात, लाठीच्या चक्रावर असतात. पुढच्या वेळी खाली बघा. खेळणाऱ्याची पावलं बघा. पवित्रा म्हणतात तो हाच. पाऊल कुठे पडलं, वजन कुठल्या पायावर आहे, वळताना तोंड कुठे राहिलं. पाय चुकला तर हातातला पट्टा आपल्याच अंगावर येतो. हत्याराच्या आधी पवित्रा घोटून घेतात तो याचसाठी.

आमच्या क्लासलाही सुरुवात पायांनीच झाली. पुढे सरकताना आधी पुढचा पाय, मागे येताना आधी मागचा. पावलांची कात्री होऊ द्यायची नाही. टाचांवर बसायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, समोरून कुणी आला तर सरळ रेषेत मागे पळायचं नाही, तिरकं निघायचं. सरळ मागे जाणाऱ्याला भिंत लागते, खड्डा लागतो, उभी मोटरसायकल लागते. तिरकं पाऊल टाकलं की त्याचा जोर बाजूने निघून जातो आणि आपल्याला वाट दिसते. स्वसंरक्षणात मारणं हे दुय्यम आहे, वाट मिळणं पहिलं. जी किक कामाची आहे, ती गुडघ्याच्या खाली बसते, समोरच्याला एक क्षण थांबवते आणि तेवढ्यात आपण निघालेलो असतो. रीलमध्ये ती काहीच दिसत नाही.

पण हे सगळं अंगात मुरतं ते समोरचा माणूस खरोखर अडवत असेल तेव्हाच. शिबिरात मैत्रीण मैत्रिणीचा हात हळूच धरते, ही झटका देते, ती सोडते, दोघी हसतात. आमच्या धंद्यात याला डेमो म्हणतात. सगळं आधी ठरलेलं असतं, म्हणून सगळं चालतं. खरा वापरणारा माणूस आला की पहिल्या मिनिटाला काय होतं, ते प्रत्येक इंजिनिअरला ठाऊक आहे. तालमीतल्या पैलवानालाही ठाऊक असतं. तो रोज जोर-बैठका काढतो आणि रोज कुणाशी तरी लढतो, आणि तो कुणीतरी त्याला पाडायलाच उभा असतो. असं वर्षानुवर्षं चालतं. १९५२ला हेलसिंकीत कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव इथल्याच राजाराम कॉलेजात शिकले. त्यांना लहानपणापासून वडिलांनी घडवलं होतं. ‘एका दिवसात कुस्ती शिका’ असा फ्लेक्स खासबाग मैदानाबाहेर लावून बघा, गाव खो-खो हसेल. पोरांना पैलवान व्हायला दहा वर्षं लागतात हे ज्यांना पटतं, त्यांनाच पोरींना रणरागिणी व्हायला दोन तास पुरतात असं कसं वाटतं?

‘अगं, काहीच नसण्यापेक्षा बरं की!’ हे उत्तर मला नेहमी मिळतं. ते मला मान्य नाही. दोन कारणं सांगते.

पहिलं कारण. शिबिरातला हल्लेखोर नेहमी अनोळखी असतो. अंधारी गल्ली, मागून आलेला गुंड. आता राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे बघा. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दरवर्षी ९० टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा असतो. २०२२मध्ये महिलांविरुद्धच्या गुन्ह्यांत सगळ्यात मोठा वाटा, ३१.४ टक्के, नवरा आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचा होता. म्हणजे ज्याच्यापासून सगळ्यात जास्त धोका, त्याला आपण दादा म्हणतो, सर म्हणतो, काका म्हणतो, अहो म्हणतो. त्याला किक मारायची हे कुठल्या मुलीच्या पायाला सुचेल? तिथे पाय कमी पडत नाहीत. तिथे ‘हे जे चाललंय ते चूक आहे’ हे स्वतःला मोठ्याने सांगण्याचं बळ कमी पडतं, कारण आयुष्यभर आपल्याला मोठ्यांचा मान राखायला शिकवलेलं असतं.

ऑफिसचंही तेच. महिला दिनाला कंपन्या ट्रेनर बोलावून बायकांना मनगट सोडवायला शिकवतात. खुर्चीच्या मागे उभं राहून खांद्यावर हात ठेवणाऱ्या मॅनेजरचं काय करायचं, ते शिकवत नाहीत. २०१३च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे आणि तक्रार तीन महिन्यांत करायची असते. त्या समितीत कोण कोण आहे, हे ऑफिसातल्या किती जणींना माहीत असतं? ते सांगायला पाच मिनिटं लागतात. पण त्याचा फोटो चांगला येत नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. ‘आम्ही तुला शिकवलं होतं’ या वाक्याचा पुढचा अर्धा भाग असतो, ‘मग तू मारलं का नाहीस?’

हा प्रश्न महाराष्ट्राने एकदा विचारून झालाय. १९७२मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला, हा तो खटला. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या, म्हणजे तिने प्रतिकार केला नाही, असा तो तर्क होता. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३मध्ये कायदा बदलावा लागला. २०१३च्या दुरुस्तीने आणखी स्पष्ट केलं की केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं मानता येणार नाही. कायद्याला हे कळायला चाळीस वर्षं लागली. शिबिराच्या मांडवात ते अजून कळलेलं नाही.

कारण शरीर थिजतं. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर उपचार केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा एक अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के जणींनी सांगितलं की त्या वेळी अंग लक्षणीय प्रमाणात जागच्या जागी गोठलं होतं. हा भित्रेपणा नाही, शरीराची ती आपोआप होणारी प्रतिक्रिया आहे. जिला हे कुणी सांगितलेलं नसतं आणि जिच्या कपाटात ‘रणरागिणी’चं प्रमाणपत्र असतं, ती नंतर वर्षानुवर्षं स्वतःलाच दोष देत बसते. हे नुकसान ‘काहीच नसण्यापेक्षा’ बरं नाही. हे काहीच नसण्यापेक्षा वाईट आहे.

मग थोड्या वेळात काहीच करता येत नाही का? येतं. कॅनडात शार्लीन सेन यांच्या गटाने तीन विद्यापीठांतल्या प्रथम वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर केलेला प्रयोग २०१५च्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. निम्म्या जणींना १२ तासांचं प्रशिक्षण दिलं, बाकीच्यांना माहितीपत्रकं. वर्षभरात प्रशिक्षण न घेतलेल्यांत बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के होतं, घेतलेल्यांत ५.२. जवळजवळ निम्मं. आणि त्या १२ तासांत होतं काय? चार सत्रांपैकी हातापायांनी प्रतिकार शिकवण्याचा भाग एका सत्रात. बाकीचा भर धोका ओळखण्यावर, ओळखीच्या पुरुषाला नाही म्हणताना मनात जे अडतं ते दूर करण्यावर, आणि स्वतःला काय हवंय ते ठरवण्यावर.

म्हणजे हिशोब सरळ आहे. तुमच्याकडे १२ तास असतील तर ओळखीच्या माणसाबद्दल बोला, आवाज मोकळा करायला लावा, पावलं शिकवा, कायदा सांगा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४मध्ये स्वतःच्या बचावाचा हक्क काय आणि त्याची मर्यादा कुठे, ते लिहिलंय. किती मुलींना ते माहीत आहे? आणि किक शिकवायची असेल तर महिने द्या. सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावाची जी योजना आहे, तिच्यातही प्रशिक्षण तीन महिन्यांचं धरलंय. दोन तासांत उरकायची घाई सरकारलाही नाही, मग आपल्याला कशाला?

किक मुलींनी शिकावीच. आपल्याला लहानपणापासून सांगतात की नीट बस, पाय जवळ घे, हळू बोल. पूर्ण ताकदीने कशावर तरी आदळायची परवानगी बॅगसमोर पहिल्यांदा मिळते. त्याने चालणं बदलतं, नजर बदलते. पण ते बदलतं आठव्या-दहाव्या महिन्यात, घाम गाळून, पडून, पुन्हा उठून. एका रविवारी सकाळी नाही.

कावळा नाक्यावर आपण ताराराणींना घोड्यावर बसवलंय आणि प्रत्येक शिबिरात त्यांचं नाव घेतो. त्या ताराराणींनी औरंगजेबाच्या फौजांशी लढा चालवला तो वर्षानुवर्षं. त्यांचं नाव घेणाऱ्यांनी निदान एक वर्ष द्यावं. प्रत्येक पेठेतल्या एका तालमीने आठवड्यातल्या तीन संध्याकाळी मुलींसाठी ठेवाव्यात. मॅट, पॅड, एक शिकवणारी बाई आणि तिला वेळेवर मानधन. फ्लेक्स, मांडव आणि ड्रोनचे पैसे यात घातले तर सुरुवात नक्की होईल.

तोवर शिबिराचं निमंत्रण आलं तर आयोजकांना तीन प्रश्न विचारा. हे किती महिने चालणार? सरावात समोरची मुलगी खरोखर अडवणार का? आणि घरातल्या, वर्गातल्या, ऑफिसातल्या माणसाबद्दल तुम्ही बोलणार का? तिन्हींची उत्तरं मिळाली तर मैत्रिणींना घेऊन जा. नाही मिळाली तर रविवारची झोप मोडू नका.