मोजपट्टी कुणाच्या हातात?



वस्तीत साहेब येतो. हातात फॉर्म, गळ्यात कॅमेरा. नाव काय? जात कोणती? संडासला कुठं जाता? आपली आय त्याला चहा पाजते, सगळं खरं सांगते. साहेब जातो. त्याला पदवी मिळते, मंत्रालयाला अहवाल मिळतो. आणि आपल्याला? बुलडोझर!

आता नवी भाषा आलीय. शहर म्हणजे प्रयोगशाळा, वस्तीवाले म्हणजे भागीदार. दोघांनी मिळून संशोधन करायचं, त्यावर धोरण ठरणार. ऐकायला झकास. पण प्रयोगशाळा म्हटलं की आम्हाला आधी टेबलावर पसरलेला बेडूक आठवतो. या भागीदारीत बेडूक कोण?

म्हणून लांब राहायचं? नाही. १९७६ साली सरकारनं मुंबईतल्या झोपड्या मोजल्या, फोटोपास वाटले. फुटपाथवरची माणसं त्या मोजणीत नव्हतीच. जुलै १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, रोजीरोटी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आणि त्याच निकालात ३१ ऑक्टोबरनंतर झोपड्या हटवायला वाटही मोकळी ठेवली. त्याच वर्षी 'स्पार्क' संस्थेनं भायखळ्याच्या फुटपाथवरच्या लोकांना सोबत घेऊन मोजणी केली. सुमारे ६ हजार बिऱ्हाडं कागदावर आली. कुठून आली, किती वर्षं राहतात, काय काम करतात, सगळं. पुढं तिथल्याच बायकांचं 'महिला मिलन' उभं राहिलं. त्यातल्या काहींना मानखुर्दला पक्की घरं मिळाली, पण त्यात वर्षानुवर्षं गेली. आकड्यानं भीक मागितली नाही. आकड्यानं जाब विचारला.

कौला बंदरात 'पुकार'सोबत वस्तीतल्याच पोरापोरींनी पाण्याचा हिशेब मांडला. गरीब माणूस पालिकेच्या दराच्या कित्येक पट पैसे मोजून पाणी घेतो, हे त्यांनी दाखवून दिलं. १५ डिसेंबर २०१४ ला पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टानं सांगितलं, झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी द्यावंच लागेल. सर्वांना पाणी, हे पालिकेचं धोरण यायला २०२२ उजाडलं. महाडचं तळं १९२७ चं. ओंजळभर पाण्यासाठी अजून आपण कागदपत्रं दाखवतोय!

पण ध्यानात ठेवा, यादी दुधारी असते. यादीत नाव असेल त्याला घर, नसेल त्याला रस्ता. मोफत घरासाठी १ जानेवारी २००० ही सरकारनं आखलेली रेघ. एका गल्लीत सख्खे शेजारी, एक पात्र, दुसरा अपात्र. आपल्या हातानं केलेली मोजणी उद्या आपल्याच भावाला बाहेर काढायला वापरली गेली तर? म्हणून सांगतो, मोजायचं ते सगळ्यांना. कालच्या गाडीनं आलेल्यालाही.

प्रयोगशाळावाल्यांना आपल्या अटी सांगा. वही वस्तीत राहील. आकडे आधी वस्तीत वाचले जातील, आपल्या बोलीत. अहवालावर राबणाऱ्यांची नावं येतील. आणि धोरण ठरतं त्या बैठकीत आपली खुर्ची असेल, सतरंजी नव्हे.

हे मान्य नसेल तर साहेब, चहा पिऊन जा. फॉर्म इथंच ठेवा.

आणि पोरांनो, कुणी बोलवायची वाट कशाला बघता? येत्या रविवारी वही घ्या, आपल्या नळावर उभे राहा. किती बिऱ्हाडं, किती हंडे, पाणी किती मिनिटं, लिहून काढा. सोमवारी वॉर्ड ऑफिसात भेटू.