ऑटोमॅटिक गाडी ट्रॅक्टरला बांधण्याआधी

पाऊस झाला की काळ्या रानाच्या वाटेवर गाडी रुतते. मग आपलं ठरलेलं: ट्रॅक्टर आणा, दोर बांधा, तसंच ओढत गॅरेजला न्या. साध्या गिअरच्या गाडीला न्यूट्रलमध्ये हे खपून जातं. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकला नाही. तिच्या गिअरबॉक्सचा ऑइल पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरती, म्हणजे आतले पार्ट तेलाविना घासणार. विहीर कोरडी असताना मोटर चालू ठेवल्यासारखंच की! चिखलातून चार हात बाहेर काढायला हरकत नाही, न्यूट्रलमध्ये, हळू. पुढं मात्र ज्या चाकांना इंजिनाची ताकद जाते ती उचलून न्या, नाहीतर सरळ टेम्पोत चढवा. भाड्याला काचकूच करू नका. गिअरबॉक्स उघडला तर त्याच्या कैकपट जातात.

रुतल्यावर डी-आर, डी-आर करत ॲक्सिलेटर दाबत बसणंही वाईट, तेल भयंकर तापतं. असं झालं असेल तर मेकॅनिकला तेल बघायला सांगा. काळपट दिसलं, जळका वास आला तर क्लच प्लेटा जळायला लागल्यात. 'लाइफटाइम तेल आहे' म्हणाला तरी ऐकू नका. ट्रॅक्टरचं तेल आपण तास मोजून बदलतोच ना?