पिल्लाआधी त्याची आई पाहावी

तुरीचा सौदा करताना पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या दाण्यांवर कोणी भाव ठरवीत नाही. पोत्याच्या पोटातला नमुना काढला जातो, तो तळहातावर पसरून पाहिला जातो, माल कोणत्या आडतीतून आला याची चौकशी होते. हाच व्यवहारचतुर गृहस्थ मुलांच्या हट्टापुढे नमून लॅब्राडॉरचे पिल्लू घ्यायला निघतो, तेव्हा मात्र मोबाइलवर आलेल्या एका छायाचित्रावर विसार देऊन मोकळा होतो. गळ्यात लाल फीत बांधलेले ते गोंडस रूप पाहून घरातील वडीलधारी मंडळीही विरघळतात. पिल्लाची आई कोठे आहे, हे विचारायचे राहूनच जाते.

जन्मतः सुमारे अर्धा किलो वजनाचे लॅब्राडॉरचे पिल्लू वर्षभरात पंचवीस ते तीस किलोंचे होते. जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन यांचेही तसेच. ग्रेट डेन तर त्याच्याही दुप्पट भरतो. इतक्या वेगाने वाढणाऱ्या हाडांवर आणि सांध्यांवर पडणारा भार लहान जातींच्या वाट्याला सहसा येत नाही. मोठ्या जातींमध्ये आढळणारा खुब्याचा विकार, ज्याला पशुवैद्य हिप डिस्प्लेशिया म्हणतात, तो याच काळात मूळ धरतो. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत नीट बसत नाही, सांधा सैल राहतो, हाड हाडावर घासते. दोन महिन्यांच्या पिल्लाकडे पाहून यातले काहीही कळत नाही. कळते ते सहाव्या महिन्यात किंवा पुढे तीन-चार वर्षांनी. जिना चढताना कुत्रा थबकतो, पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलतो, सकाळी उठायला वेळ लावतो. तोवर तो घरातलाच झालेला असतो आणि त्याच्या वेदनेकडे पाहत राहणे सर्वांच्या नशिबी येते.

हा विकार बहुतांशी आनुवंशिक आहे, म्हणून परीक्षा व्हायला हवी ती आईबापांची. त्यांच्या खुब्यांचे एक्स-रे काढून तज्ज्ञांकडून त्यांना श्रेणी दिली जाते. अमेरिकेत १९६६ पासून या कामासाठी स्वतंत्र संस्था आहे आणि कुत्रा दोन वर्षांचा झाल्याशिवाय ती अंतिम श्रेणी देत नाही. भारतात ही तपासणी अजून सर्वत्र रूढ झालेली नाही. मात्र ती करून घेणारे पैदासकार आहेत आणि विचारल्यास ते कागद आनंदाने पुढे ठेवतात. ‘आमच्याकडे असले काही कधी झाले नाही’ हे उत्तर कितीही गोड शब्दांत आले, तरी तो पुरावा नव्हे. आईबाप निर्दोष असले म्हणजे प्रत्येक पिल्लू निर्दोष निघेलच, अशी हमी मात्र कोणी प्रामाणिक माणूस देत नाही. धोका कमी होतो, इतकेच.

येथे वंशावळीच्या कागदाबद्दल एक मोठा गैरसमज दूर व्हायला हवा. केनेल क्लबचे प्रमाणपत्र पिल्लाचे कूळ सांगते, त्याचे आरोग्य सांगत नाही. दुकानाचा परवाना आणि मालाचा कस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे व्यापाऱ्याला समजावून सांगावे लागू नये.

कायद्याचा कागद निराळा. कुत्र्यांच्या पैदाशीसंबंधी केंद्र सरकारने २०१७ साली नियम केले. त्यांनुसार पैदासकाराची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. पिल्लाच्या अंगात मायक्रोचिप असावी लागते आणि लसीकरणाची नोंद द्यावी लागते. मादी दीड वर्षाची होण्यापूर्वी तिची पैदास करता येत नाही. वर्षातून एकापेक्षा अधिक आणि आयुष्यात पाचांपेक्षा अधिक वेळा तिला वेतास लावता येत नाही. नोंदणी क्रमांक विचारताच जो विक्रेता विषय बदलतो, त्याच्याशी पुढचे बोलणे तेथेच थांबवावे.

पण कागदापेक्षा डोळ्यांना दिसते ते अधिक खरे. पिल्लू हमरस्त्याच्या कडेला किंवा रेल्वे स्थानकावर ताब्यात घेण्याऐवजी पैदासकाराच्या घरी जाऊन पाहावे. आईला भेटण्याचा आग्रह धरावा. व्यालेली मादी थोडी रोडावलेली असणे, तिचे केस गळालेले असणे स्वाभाविक आहे. परंतु ती माणसाला पाहून कोपऱ्यात दबून बसत असेल किंवा अंगावर धावून येत असेल, तर त्या स्वभावाचा काही वाटा पिल्लांकडे येणारच. पिल्ले घरात माणसांच्या वावरात वाढत आहेत की मागच्या पत्र्याच्या खोलीत? तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत पिल्लू जगाला घाबरायचे की जगाशी मैत्री करायची हे शिकत असते. मिक्सरचा आवाज, मुलांचा गोंगाट, अनोळखी पाहुणे हे सारे त्याच्या ओळखीचे व्हायला हवे ते याच दिवसांत. पस्तीस दिवसांचे पिल्लू ‘लवकर लळा लागतो’ म्हणून गळ्यात मारणारा विक्रेता त्या पिल्लाकडून आईची आणि भावंडांची शिकवण हिरावून घेतो. शिवाय लसींचे संरक्षण पुरते उभे राहिलेले नसताना पार्व्होसारखा जीवघेणा अतिसार त्याला गाठू शकतो.

खरी कसोटी लागते ती अशा पत्र्याच्या खोलीतच. कुटुंब पाहायला गेलेले असते. दुर्गंधी येत असते, पिंजऱ्यात एक डोळे चिकटलेले अशक्त पिल्लू थरथरत असते. घरातील आई म्हणते, “अहो, याला तरी येथून सोडवूया.” जीवदयेच्या संस्कारात वाढलेल्या मनाला हा उद्गार सहज सुचतो, आणि तो मनापासून आलेला असतो. पण पर्युषणात पिंजऱ्यातील पक्षी विकत घेऊन सोडून देण्याच्या रीतीचे पुढे काय झाले? मागणी ठरलेली आहे हे कळल्यावर पकडणारे त्या दिवसांसाठी अधिक पक्षी पकडू लागले. त्या अशक्त पिल्लाचे पैसे हाती पडताच विक्रेत्याच्या लेखी व्यवहार पूर्ण होतो. रिकामा झालेला पिंजरा पुढच्या वेतासाठी मोकळा होतो आणि बाजूच्या अंधारात असलेली आई पुन्हा वेतास लावली जाते. अशा ठिकाणी पैसे न देता परत फिरणे आणि प्राणी कल्याण मंडळाकडे तक्रार करणे हे त्या क्षणी कठोर वाटते. पण त्या पिंजऱ्यातल्या आईचा त्यात अधिक लाभ आहे. करुणेपोटी एखादे पिल्लू घरी आणायचेच असेल, तर निवारा केंद्रांत आणि गल्लीच्या तोंडाशी अशी पिल्ले आहेत, आणि त्यांना आणल्याने कोणाचा गल्ला भरत नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत छेद हा एक आहे. पूज्यपादांनी त्यावरील टीकेत कान-नाक आदी अवयव कापण्याचाच निर्देश केला आहे. ग्रेट डेन आणि डोबरमन यांचे कान उभे दिसावेत म्हणून कापले जातात, रॉटवायलरचे शेपूट जन्मानंतर काही दिवसांत तोडले जाते. यात कुत्र्याचे हित कोणतेच नाही, हौस फक्त माणसाची. ‘कान करून देऊ का?’ असे जो पैदासकार विचारतो, त्याला स्पष्ट नकार द्यावा. याच पाचांत अन्नपाननिरोधही आहे. त्यामुळे मोठ्या जातीच्या पिल्लाला मोजून अन्न द्या असे पशुवैद्याने सांगितले, की आजीबाईंच्या जिवाला लागते. त्यांना एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा चतुर्थांश कमी अन्न आयुष्यभर दिले गेले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी खाणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे, तर अधिक खाणाऱ्यांचे ११.२ वर्षे भरले. सांध्यांचे दुखणेही त्यांना उशिरा झाले. गुबगुबीत पिल्लू हे सुदृढ पिल्लू नव्हे. फासळ्यांवरून हात फिरवला असता त्या सहज लागल्या पाहिजेत. हाडे मजबूत व्हावीत म्हणून सल्ल्याविना दिले जाणारे कॅल्शियमचे सिरप तर उलट हाडांची वाढ बिघडवते, कारण कोवळ्या वयात पिल्लाचे शरीर जादा कॅल्शियम बाहेर ठेवू शकत नाही.

शाकाहारी घरात आहाराचा प्रश्न पिल्लू आणण्यापूर्वीच सोडवावा, नंतर नव्हे. दूध-पोळीवर मोठ्या जातीचे पिल्लू वाढत नाही. प्रथिने, कॅल्शियम व फॉस्फरस यांचे प्रमाण नेमके साधावे लागते आणि ते पशुवैद्याकडून आखून घ्यावे लागते. तो जो आहार सांगेल तो घरात आणणे मनाला पटणार नसेल, तर पिल्लू न आणणे हाच सरळ मार्ग. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी आहेत. ती चिंता जैन स्वयंपाकघराला मुळातच नाही. बेदाणा मात्र तितकाच घातक आहे, आणि सांगली-तासगावकडील ज्या घरांत बेदाण्याची खोकी ओसरीवर येऊन पडतात, तेथे हे आधीच ध्यानात घ्यावे.

चांगला पैदासकार स्वतःच बरेच प्रश्न विचारतो. घरी दिवसा कोण असते, घर कितव्या मजल्यावर आहे, सगळे यात्रेला निघाले तर कुत्रा कोणाजवळ राहील. काहींना याचा राग येतो, कारण पैसे देणाऱ्यालाच उलट तपासले जाते. कुत्रा कोणत्याही वयात नकोसा झाला तर परत आणून द्या, असे तो लिहून देतो आणि लिहून घेतो. त्याच्याकडे बहुधा तयार पिल्लू नसते. नाव नोंदवावे लागते, मादी माजावर येण्याची वाट पाहावी लागते; त्यानंतर गर्भाचे ६३ दिवस आणि आईजवळचे आठ आठवडे, म्हणजे आणखी चार महिने. मुलांच्या वाढदिवसाची तारीख या हिशेबात सहसा बसत नाही.